ऊन लागलेली गाडी

एप्रिल लागला की जळगावात माणसं एकमेकांना "कसं काय?" असं विचारत नाहीत; "काल किती होतं?" असं विचारतात. "चव्वेचाळीस." "आमच्या कॉलनीत पंचेचाळीस दाखवत होतं." आकडा सांगताना आवाजात जरासा रुबाब असतो, जणू ते ऊन सांगणाऱ्याने स्वतः कमावलं आहे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठी आकडे मला अजून अडखळवतात. एकोणसत्तर म्हणजे नेमके किती, हे ठरवायला पूर्वी मला क्षणभर थांबावं लागायचं. पण चाळीस ते पन्नास या आकड्यांत माझी कधीच चूक झाली नाही. ते मला शाळेने नाही, उन्हाळ्याने शिकवले.

यंदाही तो आला आहे. सकाळी सहाला गाडी बाहेर काढते तेव्हा हवा गार असते, कडुनिंबाच्या फुलांचा वास असतो. कपाशीच्या पऱ्हाट्या कधीच्या उपटून झालेल्या, शेतं उघडी पडलेली. अकरा वाजता परत निघते तेव्हा तोच रस्ता ओळखू येत नाही. डांबर मऊ झालेलं असतं, लांबचा ट्रक पाण्यात उभा असल्यासारखा हलतो, आणि खिडकीतला वारा थेट तव्यावरून येतो. अशा वेळी माझे कान आपोआप इंजिनाकडे लागतात. आवाज ठीक असतो. आणि तो ठीक आहे म्हणूनच मला गेल्या वर्षीचा उन्हाळा आठवतो.

गाडी माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. चौकोनी, फिकट निळी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. हल्लीच्या गाड्यांत इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. हिच्यात ते काम कार्बोरेटर करतो. तांब्याएवढं धातूचं भांडं. त्यात थोडं पेट्रोल साठतं, हवेत मिसळतं आणि इंजिनात ओढलं जातं. त्याला डोकं नाही, नुसती भोकं आणि झडपा. थंडीत, उन्हात, चढावर त्याला जमेल तेवढं तो करतो. मला तो पहिल्यापासून आवडला. फार न बोलता काम करणाऱ्यांबद्दल मला आपलेपणा वाटतो.

मी स्वतः तशीच. माझ्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी शेरा असायचा: हुशार आहे, पण वर्गात बोलत नाही. पप्पा त्यावर सही करायचे आणि म्हणायचे, "मशीन चांगलं असलं म्हणजे आवाज कमीच करतं." पप्पा वरणगावच्या कारखान्यात टर्नर होते. सगळी नोकरी लोखंड कातायच्या लेथवर गेली. लोखंडाचा तुकडा बोटांत फिरवून तो केसभर जाड आहे की बारीक, हे ते डोळे मिटून सांगायचे. निवृत्तीनंतर आम्ही जळगावला आलो, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं सुटलं. गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली गेली. दर रविवारी पप्पा ती चालू करायचे आणि शेजारी खुर्ची टाकून दहा मिनिटं ऐकत बसायचे. विकायची नाही, चालवायची नाही, असा तो त्या दोघांचा संसार होता.

त्यात मी शिरले ती नोकरीमुळे. मी लॅब टेक्निशियन आहे. आमच्या लॅबची भडगावला एक खोली आहे. सकाळी आसपासच्या खेड्यांतून माणसं तिथे येतात, मी त्यांचं रक्त घेते, नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवते आणि दुपारच्या आत जळगावला पोचवते; तपासणी तिथे होते. पूर्वी डबा एसटीने यायचा, कधी वेळेवर, कधी दोन तास उशिरा. भडगावला कोण जाईल असा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हणाले, "मी जाते. माझ्याकडे गाडी आहे." सगळे वळून बघायला लागले. गाडीमुळे नाही, मी बोलले म्हणून.

भडगावची खोली मला फार लवकर आपली वाटायला लागली. एक टेबल, दोन खुर्च्या, पंखा, खिडकीतून दिसणारं गुलमोहराचं झाड. तिथे मला कोणी बोलत का नाहीस असं विचारत नाही. हातात सुई घेतलेली बाई जितकी कमी बोलेल तितकं लोकांना बरंच वाटतं.

हिवाळाभर गाडी नीट चालली. एप्रिल आला आणि फाटकाने घात केला.

वाटेत एक रेल्वे फाटक लागतं. मालगाडी असेल तर वीस मिनिटं सहज जातात. त्या दिवशी मी सगळ्यांसारखं इंजिन बंद केलं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, मी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरत राहिलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मागे ट्रॅक्टर, दोन ट्रक, एक वऱ्हाडाची जीप, आणि सगळे हॉर्न एकदम.

मग माणसं आली. गाडी बंद पडल्यावर आपल्याकडे माणसं कुठून येतात हे मला अजून कळलेलं नाही. शेतात तर मघाशी कोणी नव्हतं. "चोक ओढा ताई." "चोक नका ओढू, ओव्हर होईल." "बॅटरी गेली." "बॅटरी कशी जाईल, फिरतंय ना?" "घरचं कोणी नाही का सोबत?" वऱ्हाडातल्या एका काकांनी वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "पेट्रोल आहे ना?" मी मान हलवली. मी मागच्या सीटवरच्या डब्याकडे बघत होते. त्यात एकोणीस माणसांचं रक्त होतं.

शेवटी केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॅक्टरवरचे एक आजोबा उतरले. कोणाशी न बोलता त्यांनी बॉनेट उघडलं, मग ट्रॉलीतून केळीच्या खोडाची पाणीदार सालं, ज्यांना आमच्याकडे सोपटं म्हणतात, ती दोन-चार ओढून आणली. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर आणि नळीवर ती गुंडाळली, वरून बाटलीतलं पाणी ओतलं, आणि तंबाखू मळत उभे राहिले. "थांब जरा," एवढंच म्हणाले. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली. पण तोवर वेळ गेली होती. मी जळगावला पोचले तेव्हा बर्फाचं पाणी झालं होतं आणि नळ्यांमध्ये वर जे पिवळसर दिसायला हवं ते लालसर दिसत होतं. आमच्या भाषेत, रक्त फुटलं होतं. एकोणीसच्या एकोणीस लोकांना परत बोलवावं लागणार होतं.

त्यांतल्या एक अक्का मला आयुष्यभर आठवतील. गिरणाकाठच्या खेड्यातून, पहाटे निघून, उपाशीपोटी आलेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तशाच आल्या. हात पुढे केला आणि म्हणाल्या, "काय व पोरी, मन्हं बठ्ठं रगत तुनी गाडी पिई गई का?"

रांगेतली माणसं हसली. मीही हसायचा प्रयत्न केला. त्यांची शीर बारीक होती. आदल्या दिवशी टोचलेल्या जागी निळा डाग होता. मी दुसरा हात मागितला. "सॉरी अक्का," म्हणाले. त्या म्हणाल्या, "सॉरी काय करस, गाडी पोचाड."

लॅबच्या डॉक्टर मॅडम रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "लोकांना दोनदा टोचायचं हे मला चालणार नाही. मे महिना बघू. एक दिवस जरी डबा खराब झाला, तर भडगाव बंद करू. तू इथे खाली मशीनवर बस." खाली म्हणजे तळघरात. मला तळघराचं काही नव्हतं. पण खोली बंद झाली तर अक्कांना जळगावपर्यंत उपाशीपोटी यावं लागेल, आणि त्या येणार नाहीत, हे मला नक्की माहीत होतं. माणसं तपासणीच सोडून देतात.

आता मागे वळून बघताना तो महिना मला वासांनी आठवतो. पेट्रोल, गंज, गरम रबर, ओल्या सोपटांचा हिरवा वास. रोज संध्याकाळी शेडमध्ये मी आणि पप्पा. कॉलनीतले लोक फिरायला जाताना कुंपणापाशी थांबून म्हणायचे, "काय भाऊ, पोरीला गॅरेज काढून देऊन राहिले का?" पप्पा म्हणायचे, "ती मला काढून देऊन राहिली."

प्रत्येकाकडे उपाय होता आणि प्रत्येक जण चार उपाय एकदम करायला सांगायचा. पप्पाही. प्लग बदल, पॉइंट घास, पंप खोल, सगळं एका संध्याकाळी. तिथे मी पहिल्यांदा त्यांना अडवलं. लॅबमध्ये आम्हाला एक गोष्ट हाडात भिनेपर्यंत शिकवलेली असते: एका वेळी एकच बदल. चार बदल केले आणि बरं वाटलं तर कशाने वाटलं ते कधीच कळत नाही. मी एक वही केली. सुरुवातीचं तापमान, किल्ली किती वेळा फिरवली, कुठे थांबलो, किती वेळ थांबलो, त्या दिवशी काय बदललं. पप्पा म्हणाले, "ही गाडी आहे का पेशंट?" मी म्हणाले, "पेशंट." त्यांनी पाना खाली ठेवला आणि त्या दिवसापासून, कुरकुरत का होईना, एका वेळी एकच बदल करायला लागले.

टाकी उतरवून धुतली तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा गंज निघाला. नवा फिल्टर बसवला. सकाळी गाडी पटकन चालू व्हायला लागली, पण फाटकात बंद. मग प्लग, चढावरचं गचकणं गेलं, फाटकात बंद. मग पेट्रोलची नळी, जी गरम पाइपला घासून जात होती, ती वळवून लांब नेली. फाटकात दहा मिनिटं थांबल्यावर चालू झाली, पंधरा मिनिटांनंतर नाही. मी फाटकात इंजिन बंद करायचंच सोडलं, तर रेडिएटर उकळायला लागला. पंख्याचा पट्टा बदलला, तेही थांबलं, पण जास्त वेळ उभी राहिली की इंजिन आपोआपच बंद पडायचं. प्रत्येक गोष्ट थोडी थोडी सुधारत होती आणि मूळ दुखणं तिथेच होतं. डब्यात मी बर्फ दुप्पट न्यायला लागले आणि सोबत रोज ओली सोपटं.

मग एका संध्याकाळी मला बर्फाच्या डब्याचा थर्मामीटर दिसला. त्याला लांब तार असते; तारेचं टोक आत, आकडा बाहेर. आमच्याकडे एक जास्तीचा होता. ते टोक मी कार्बोरेटरच्या बुडाशी बांधलं, तार खिडकीतून आत घेतली आणि दुसऱ्या दिवशी फाटकात बसून आकडा बघत राहिले. गाडी चालत होती तेव्हा बावन्न. इंजिन बंद केलं. मला वाटलं होतं आता उतरेल. तो चढला. छप्पन. एकसष्ट. पासष्ट. एकोणसत्तर. त्यापुढे थर्मामीटरने हार मानली आणि नुसत्या दोन आडव्या रेघा दाखवल्या. एकोणसत्तर म्हणजे किती, हे आता मला कोणी झोपेतही विचारावं.

म्हणजे इंजिन बंद झाल्यावर, थंड व्हायच्या ऐवजी, कार्बोरेटर तापत होता. आतलं पेट्रोल उकळून जात होतं. उष्णता खालून कुठून तरी वर चढत होती. कुठून, ते मला कळेना.

"धुळ्याला नानांकडे जा," पप्पा म्हणाले. जुन्या कार्बोरेटरचं काम करणारे आता फार कमी राहिलेत. धुळ्याचे नाना त्यांतले एक. पप्पांचं येणं शक्य नव्हतं, गुडघा इतका वेळ दुमडून बसू देत नाही. निघताना त्यांनी खिडकीवर हात ठेवला आणि जरा लाजत सांगितलं, "नानांना म्हणावं, कार्बोरेटरच्या खाली पाहा. तिथली चकती मी केलेली आहे. भुसावळच्या मित्राच्या लेथवर, एका रविवारी. मूळची तडकली होती. माझं काम पाहून काय म्हणतात ते सांग मला." मी कधी त्यांना कोणाकडून शाबासकी मागताना पाहिलं नव्हतं.

पारोळ्याच्या पुढे रस्ता लांब, सरळ आणि पांढरा आहे. रविवार होता, खिडक्या उघड्या, सोपटांवर दर अर्ध्या तासाने पाणी. एकटीने एवढ्या लांब मी पहिल्यांदाच गाडी चालवत होते. एका धाब्यावर थांबून ताक प्यायले तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं, "गाडी जळगावहून आली? ही?" मी म्हणाले, "हो. ही." परतीच्या अख्ख्या वाटेवर पुरेल इतका आनंद त्या 'ही'मध्ये होता.

नानांचं दुकान चिंचेच्या झाडाखाली आहे. चष्म्याला दोरा, आणि समोर घरातला मसाल्याचा गोल डबा. जिथे हळद-जिरं असतं त्या वाट्यांमध्ये कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकांचे पितळी तुकडे, आकारानुसार. त्यांनी मला आणि मग मागे कोणी आहे का ते पाहिलं.

"जळगावथीन एकलीच उनी?"

"हो नाना."

"ऱ्हाऊ दे गाडीले सावलीमां. बस. पाणी पी. मंग बोल."

मी बोलले नाही, वही दिली. त्यांनी एक एक पान उलटलं. मध्येच थांबून माझ्याकडे बघितलं, परत वाचलं. मग वही मिटली आणि म्हणाले, "गाडी बिमार नही शे, बेटा. तिले ऊन लागेल शे."

त्यांनी बॉनेट उघडलं, वाकले, आणि कार्बोरेटरच्या खालच्या चकतीवर पान्याने हलकेच टकटक केलं. टिण्ण असा स्वच्छ आवाज आला. त्यांनी मान वर केली.

"हाई कोनी बसाडं?"

मला त्याच क्षणी सगळं समजलं. इंजिन आणि कार्बोरेटर यांच्या मधली ती चकती मुळात काळ्या बेकलाइटची असते, कुकरच्या मुठीला असतं तसल्या. मूठ तशी असते म्हणून तर आपण तापलेला कुकर उचलतो. पप्पांनी ती अ‍ॅल्युमिनिअमची केली होती. आरशासारखी गुळगुळीत, कडा केसभरही न हललेल्या, आणि इंजिनाची सगळी धग सरळ वर पोचवणारी. कुकरला कोणी चांदीची मूठ घडवून द्यावी तशी. इतकी वर्षं ते कळलं नाही, कारण पप्पा पहाटे गारव्यात कारखान्यात जायचे. गाडी भर दुपारी फाटकात कधी अडकलीच नव्हती.

"माहीत नाही," मी म्हणाले.

नानांनी चकती उतरवली. कपड्याने पुसून उजेडात धरली, अंगठ्याने कडा चाचपली, तळहातावर तोलली. मग म्हणाले, "हात सोनाना शे. जागा चुकनी, बस."

त्यांच्या कपाटात तयार बेकलाइटची चकती होती. मला दिसत होती. त्यांनी ती उचलली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि परत ठेवली. त्याऐवजी एका जुन्या मोटारीच्या पॅनलचा जाड काळा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "तयार मनाजोडे शे. पन हाऊ लई जाय. ज्यानी हाई करं, त्यालेच हाई बी करू दे."

मी काहीच सांगितलं नव्हतं. तरी.

अ‍ॅल्युमिनिअमची चकती त्यांनी परत बसवून दिली, घरी पोचण्यापुरती. परतीच्या वाटेवर तो काळा तुकडा शेजारच्या सीटवर होता आणि मी अमळनेरचा फाटा मागे पडेपर्यंत एक वाक्य जुळवत होते. पप्पा, तुमची चकती... पप्पा, नाना म्हणाले की... इंग्रजीत जुळवून पाहिलं, तिथे ते आणखीच कोरडं वाटलं. मुलीने टर्नर बापाला, त्याच्या हातच्या सर्वांत सुंदर कामाबद्दल, हे कसं सांगायचं असतं?

पप्पा अंगणाच्या दारातच उभे होते. "काय म्हणाले नाना?"

"हात सोन्याचा आहे म्हणाले."

ते असे हसले की पुढचं अर्धं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. संध्याकाळी त्यांनी ते मम्मीला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, फोनवर भुसावळच्या मित्राला सांगितलं. मी जेवले नाही नीट. दुसऱ्या दिवसापासून मे महिना लागत होता.

झोपण्याआधी मी वही उघडली. एकोणसत्तरचं पान. त्याखाली, मोजमाप लिहितात तसं, दोन ओळी लिहिल्या: बेकलाइट उष्णता अडवतं. अ‍ॅल्युमिनिअम नेतं. वही त्यांच्या टेबलावर उघडी ठेवली आणि वर तो काळा तुकडा, उडू नये म्हणून ठेवतात तसा.

सकाळी साडेपाचला मला कानशीच्या आवाजाने जाग आली. पप्पा ओट्यावर बसले होते. तुकडा शिकंज्यात धरलेला, अंगावर काळी भुकटी. हातानेच कापून आता शेवटची कड घासत होते. लेथ नाही, काही नाही. जुनी चकती समोर ठेवून तिच्यावरून खुणा घेतल्या होत्या. रात्री केव्हा तरी त्यांनी ती उतरवून आणली होती. मी चहा घेऊन जवळ बसले. त्यांनी वर बघितलं नाही.

"तोंडानं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

"सांगितलंच ना."

"वहीनं सांगितलं." कानस दोनदा फिरली. "नाना दुसरं काय म्हणाले?"

"जागा चुकली, बस."

त्यांनी भुकटी फुंकली. "बरोबर बोलले," म्हणाले. मग जुन्या चकतीकडे बघत, "पण काम चांगलं झालं होतं."

"खूप चांगलं झालं होतं पप्पा."

ती सकाळ धरून मे महिन्यातल्या सगळ्या सकाळी मला एकाच दिवसासारख्या आठवतात, पण पहिली दुपार वेगळी आहे. फाटक बंद. मालगाडी. मी इंजिन बंद केलं. थर्मामीटर अठ्ठेचाळीसवर होता, बावन्नला गेला, चोपन्नला गेला, आणि तिथे थांबला. बाहेर एवढं ऊन की चिमण्याही दिसत नव्हत्या. मागे तसाच ट्रॅक्टर, तसेच ट्रक. फाटक वर गेलं. मी किल्ली अर्धी फिरवली असेल नसेल, इंजिन लागलं. मागच्या ट्रकवाल्याला काही कळलं नाही. कोणालाच काही कळलं नाही. सगळे आपापल्या वाटेने गेले. माझ्या आयुष्यातला इतका मोठा विजय इतक्या शांतपणे झाला, आणि मला तो तसाच हवा होता.

सोपटं मी तरी आठवडाभर नेत राहिले. विश्वास बसायला वेळ लागतो. मग एक दिवस ती अंगणातच राहिली आणि आठवण झाली ती थेट भडगावला.

मे संपला तेव्हा मॅडमनी नळ्यांची नोंद स्वतः तपासली. एकही डबा खराब नव्हता. "भडगाव चालू ठेवू," म्हणाल्या, आणि मी खोलीबाहेर जाता जाता, "ती वही मला एकदा बघायची आहे." जूनमध्ये नानांचा फोन आला. मला वाटलं गाडीची चौकशी. ते म्हणाले, "बेटा, तो तारना थर्मामीटर कोठे भेटस?"

लोक मला विचारतात, एवढी जुनी गाडी रोजची कशी चालते? त्यांना एखादी युक्ती ऐकायची असते. युक्ती नाही. गंज काढला, नळी लांब केली, पट्टा बदलला, एका वेळी एक. आणि एक चांगली वस्तू जिथे नको होती तिथून काढली. मला वाटतं भरवसा असाच तयार होतो. तो कोणी देत नाही, एकदम येतही नाही. रोज सकाळी सहाला परत कमवायचा असतो.

आज पंखा जोरात केला तेव्हा भडगावच्या टेबलावरचे कागद उडाले नाहीत. त्यांच्यावर अ‍ॅल्युमिनिअमची चकती आहे. पप्पांनी ती फेकायला काढली होती. मी मागून घेतली. रांगेत आज त्या अक्का होत्या, दर तीन महिन्यांनी येतात. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते तोवर त्यांनी मोकळ्या हाताने चकती उचलली, त्यात चेहरा पाहिला.

"हाई काय शे व?"

"गाडीचा भाग होता, अक्का. माझ्या वडिलांनी केलाय. स्वतः."

"मंग गाडीमां काब नही?"

आणि मी, जिच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी तोच शेरा असायचा, मी त्यांना सगळं सांगितलं. कुकर, मूठ, फाटक, एकोणसत्तर, नाना. रांगेतली माणसंही ऐकत होती. सुई गेली आणि आली, त्यांना कळलंही नाही. ऐकून झाल्यावर अक्कांनी चकती पदराने पुसली आणि कागदांवर नीट, मधोमध ठेवली.

अकराला मी डबा बंद करून बाहेर आले. रक्त देऊन तास झाला होता, तरी अक्का पायरीवर बसलेल्या होत्या. त्या दर वेळी बसतात, गाडी सुरू होईपर्यंत. मी डबा मागच्या सीटवर ठेवला, काच खाली केली, किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

अक्का उठल्या, लुगडं झटकलं, आणि माझ्याकडे न बघता आपल्या वाटेने चालायला लागल्या.